शंभराला एक

आदगोंडा मगदूम टेबलावर खिट्टी ठेवून गेलेत.
द्राक्षबागेची तार ताणायची. मूठभर जिन्नस :
एक दातेरी चाक, त्याला अडवणारा खटका.
तासगावच्या कुणा वेल्डरनं तुकडे जोडून केलेली.
हिचा ओतीव भाव सांगायचाय,
उद्या सकाळी दहाच्या आत.

"किती नग?" विचारलं तर म्हणाले,
"आधी पाचशे. चालली तर तीस हजार.
न्हाई चालली तर पाचशे बी तुमच्याकडंच ठेवा की."
आणि स्वतःच हसले.

बाहेर कुपवाडची एमआयडीसी जेवायला बसलीय.
भट्टी मंद. वाळूचा ढीग पाणी पिऊन गप्प.
मी कागदावर तीन रकाने पाडते.

पहिला, वाळू.
सागवानी पॅटर्न, अकरा हजार, आठ दिवस.
बेंटोनाइट, कोळशाची पूड, कोअरला साखर कारखान्याची मळी.
इलाही मुल्ला सकाळी मूठभर वाळू दाबतो, मोडतो,
मोडलेल्या कडेकडे बघतो
डॉक्टर जिभेकडे बघतात तसा.
"आज वल जास्त हाय."
मीटर नंतर तेच म्हणतं.
पण वाळूतला नग खरबरीत. सांध्यावर ओठ सुटतो,
तो घासायला ग्राइंडरवर एक माणूस
आणि शंभरातले सात परत भट्टीत.

दुसरा, शेल.
तापल्या लोखंडी पाटीवर राळेची वाळू ओतायची,
कवच निघतं बिस्किटासारखं, टिचकी मारली की वाजतं.
त्यातली खिट्टी गालावरून फिरवावी इतकी नितळ.
पाट्यांचे सव्वा लाख.
आणि तो वास. घरी गेल्यावरही पदराला असतो.
इलाही मास्क गळ्यात घालतो, तोंडाला नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

तिसरा, डाय.
राजकोटहून पोलादी साचा, साडेचार लाख.
ॲल्युमिनियम दाबानं आत, मिनिटाला दोन नग,
सगळे एकाच चेहऱ्याचे, ओठ नाही, खरबरा नाही.
देखणं काम.
पण मार्चमध्ये घड भरले की तार जी ओढ घेते
तिला हा पांढरा दात पुरेल का,
हे राजकोटवाला फोनवर सांगत नाही.
तो आगाऊ रक्कम सांगतो.

कॅल्क्युलेटर म्हणतं, चार हजारांच्या पुढे शेल,
वीसच्या पुढे डाय.
मगदूमांचं हसू टाकायला त्याला बटण नाही.

तातोबा सुतार डबा धुऊन आले.
खिट्टी उचलली, खटका दोनदा ओढून सोडला.
"आक्का, ह्यो दात बोट खाणार."
तेव्हा कुठं मला आठवलं
मगदूमांचं डाव्या तर्जनीचं काळंनिळं नख,
चहाचा कप धरताना बाजूला उभं राहिलेलं.
"दात बदलणार बघा. एक डाव न्हाई, दोन डाव.
लाकडाला मी मेण भरून, कानस मारून
दुपारच्याला दात फिरवून दीन.
पोलादाचं काय करशिला?"

त्यांच्या खिशात ती पट्टी, पितळी, कडा झिजलेली.
मुद्दाम खोटी. शंभराला एक लांब.
लोखंड थिजताना आकसणार,
म्हणून तूट आधीच धरलेली.
एकदा मी तीच घरी नेली होती,
स्वयंपाकघरातल्या कोनाड्याचं माप घ्यायला.
फळी बोटभर आखूड आली.
नऊ वर्षं झाली. त्या फटीत मी
लाइटची बिलं उभी करून ठेवते.

पहिला रकाना भरते.
वाळू, पाचशे नग, पॅटर्नचा निम्मा खर्च आमचा.
शेलचा भाव खाली, पेन्सिलनं.
डायवर रेघ मारायला पेन उचलते, तशीच ठेवते.

भोंगा झाला.
इलाही ढिगात मनगटापर्यंत हात घालतो,
मूठ दाबतो, मोडतो, बघतो.
"आता कमी पडली," म्हणतो,
आणि झारी शोधायला जातो.